फरशीच्या सांध्यात हरळी हवी असेल, तर आधी खालचे काँक्रीट वगळा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर गृहनिर्माण सोसायट्यांची आणि बंगल्यांची आवारे उकरून नवी फरसबंदी करण्याची कामे निघतात. दोन फरश्यांमधला सांधा सिमेंटने न भरता त्यात गवत लावावे, अशी मागणी अलीकडे त्यात ऐकू येते आणि ती स्वागतार्ह आहे. पण बहुतेक ठिकाणी हे गवत दिवाळीपर्यंत पिवळे पडते, होळीपर्यंत जाते, आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत 'आपल्याकडे हे चालत नाही' असे ठरून सांध्यांत सिमेंट ओतले जाते. दोष गवताला, माळ्याला किंवा पाणीकपातीला दिला जातो. खरे कारण दोन इंच खाली असते. फरशीखाली चार इंचांचे एकास चार-आठ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू, आठ भाग खडी) प्रमाणातले काँक्रीट, म्हणजे साइटवरच्या भाषेत पीसीसी, घातलेले असते आणि त्यावर सिमेंटच्या मसाल्यात फरशी बसवलेली असते. सांध्यात उरते ती इंचभर माती. पावसाळ्यात तिच्यात पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात ती दुपारपर्यंत कोरडी ठाक होते.

खात्री करायची तर सांध्यातला पिवळा पडलेला एक ठोंब मुळासकट उपटून पाहावा. मुळे इंचभर सरळ खाली जाऊन काटकोनात वळलेली आणि तळाशी चपट्या जाळीसारखी पसरलेली दिसली, तर खाली काँक्रीट आहे हे नक्की. मोकळ्या जमिनीत हरळीची, म्हणजे आपल्या दूर्वांची, मुळे सहज दोन-तीन फूट खाली जातात. ही वाट बंद केल्यावर वरून कितीही खत-पाणी दिले तरी उपयोग नाही. सांध्यातल्या गवताचे भवितव्य गवंडी ठरवतो. माळी नंतर येतो. म्हणून या पत्राचा बराचसा भाग गवताबद्दल नसून त्याखालच्या थरांबद्दल आहे.

पहिला प्रश्न जमीन पाणी पिते का, हा. आवारात फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्यावा, पाण्याने भरावा, जिरू द्यावा आणि पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच उभे असेल, तर तिथे पाणी बाहेर नेणारा भोकांचा पाइप घातल्याशिवाय सांध्यातल्या गवताच्या फंदात पडू नये. मुरमाड जमिनीत ही अडचण सहसा येत नाही. काळ्या मातीत मात्र हमखास येते. शिवाय काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरची फरशी एका बाजूने उचलली जाते. अशा ठिकाणी मुरूम लागेपर्यंत, निदान दीड फूट तरी, काळी माती काढून मुरूम भरावा, धुमसून घ्यावा आणि वर जिओटेक्स्टाइलचे, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे, कापड अंथरावे. कापड नसेल तर दोन पावसाळ्यांत खालचा चिखल खडीत चढतो.

गाड्या उभ्या राहणार असतील तर साधारण साडेदहा इंच खोदाई लागते. सहा इंच खडीचा थर, दीड इंच बारीक खडीची बैठक आणि तीन इंच जाडीचा दगड, असा तो हिशेब आहे. नुसते चालण्याचे आवार असेल तर तीन इंच खडी, दीड इंच बैठक आणि दोन इंची फरशी, म्हणजे साडेसहा इंच पुरतात. खडी चाळीस एमएमची घ्यावी. ती पसरण्यापूर्वी पाच घमेली खडीला एक घमेले चाळलेली माती आणि कुजलेले खत यांचे मिश्रण, पाण्याचा हलका हबका मारून, जमिनीवरच कालवून घ्यावे. खडीचे दगड एकमेकांवर टेकून भार पेलतात आणि मधल्या पोकळीत मुळांना माती मिळते. माती याहून जास्त झाली तर दगडांना दगड टेकत नाहीत आणि चाकाखाली खळगा पडतो. मिश्रण ओले गच्च झाले तर माती धुपून तळाशी बसते. थर तीन-तीन इंचांचे करून प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे दबाईचे यंत्र, फिरवावा. हजार चौरस फुटांच्या पार्किंगला सहा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) खडी धरावी. दबाई होऊन ती पाचची होते.

बैठकीसाठी सहा एमएमची धुतलेली खडी वापरावी. इथे कंत्राटदार हटकून कच किंवा क्रशरची डस्ट सुचवतो, कारण ती स्वस्त पडते आणि तिच्यावर फरशी झटकन लेव्हलला येते. पण डस्टमधली बारीक भुकटी पाण्याने आणि दाबाने इतकी घट्ट बसते की तिचा अर्धा पीसीसीच होतो. पाणी जिरण्याचे काम तिथेच थांबते.

दगडाच्या निवडीत सर्वाधिक घोटाळा शहाबादी फरशीचा होतो. नेहमीची इंचभर जाडीची दोन फुटी शहाबादी फरशी खाली काँक्रीट नसेल तर गाडीच्या चाकाखाली तडकते, आणि ती तडकू नये म्हणूनच गवंडी पीसीसीचा आग्रह धरतो. त्याचे म्हणणे त्याच्या जागी बरोबर आहे. उपाय म्हणजे दगड बदलणे. पार्किंगमध्ये एक फूट बाय एक फूट किंवा त्याहून लहान, तीन इंच जाडीचा काळा पाषाण घ्यावा, नाहीतर 80 मि.मी. जाडीचे पेव्हर ब्लॉक घ्यावेत. जाड रफ शहाबादी किंवा तांदूर पायवाटेला उत्तम. कोकणात जांभ्याचा चिरा हाताशी असतो, तो पायवाटेला चालतो. मात्र सावलीत त्यावर शेवाळ धरते आणि श्रावणात पाय घसरतो. कडप्पा उन्हात इतका तापतो की त्याच्या कडेची गवताची पाती करपतात. विदर्भात तर तो आवारात वापरूच नये.

सांधा किती ठेवायचा? फूटभर दगडाला एक इंच आणि दोन फुटी फरशीला दोन इंच. दोन्हींत आवाराचा साधारण 15 टक्के भाग सांध्यांचा होतो. पाऊण इंचाहून अरुंद सांध्यात मातीच इतकी थोडी असते की एप्रिल निघत नाही. तीन इंचांहून रुंद केला तर पाय मुरगळतो आणि दुचाकीचा स्टँड रुततो. सांधे एकसारखे राहण्यासाठी तेवढ्या जाडीच्या लाकडी पट्ट्या मध्ये ठेवून दगड बसवावेत, लाइनदोरी सोडू नये आणि चारही बाजूंनी काँक्रीटचा कर्ब, म्हणजे कडेचा बांध, भक्कम करावा. कर्ब नसला की वर्षभरात कडेचे दगड बाहेर सरकतात आणि सांधे दुप्पट होतात. उतार दहा फुटांना सव्वा इंच, इमारतीपासून बाहेरच्या दिशेने. दोन शेजारच्या दगडांच्या पातळीत दोन-तीन मि.मी.हून जास्त फरक राहू देऊ नये, नाहीतर पुढे गवत कापताना यंत्राचे पाते दगडावर आपटते.

सांध्यात भरायचे मिश्रण पाच घमेल्यांचे धरा: तीन घमेली जाड, धुतलेली वाळू, एक घमेले लाल माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट. बागेतली नुसती माती भरली की चाकांनी आणि पायांनी ती दगडासारखी होते. हजार चौरस फुटांना तीन इंची दगड असेल तर बसकण धरून 35 ते 40 घनफूट मिश्रण लागते. झाडूने सांध्यात लोटावे, पाणी शिंपडून बसू द्यावे, पुन्हा भरावे. असे दोन-तीनदा करावे लागते. शेवटी माती दगडाच्या पृष्ठभागापासून अर्धा इंच खाली राहिली पाहिजे. हा अर्धा इंच फार महत्त्वाचा. हरळी जिथून फुटते तो तिचा बुंधा दगडाच्या पातळीखाली राहिला तर चाकाचा भार दगड घेतो आणि बुंधा वाचतो. माती काठोकाठ भरलेल्या आवारात चाकाच्या पट्ट्यांमधले गवत सर्वांत आधी जाते, ते याच कारणाने.

आता गवत. मोकळ्या उन्हात, म्हणजे दिवसाला सहा तास तरी ऊन मिळते तिथे, हरळीला पर्याय नाही. शेतकरी जिला शिव्या देतो तीच ही. जमिनीवरून धावणारे तिचे फुटवे आणि जमिनीखालून जाणाऱ्या काशा हे शेतातले संकट इथे भांडवल ठरते. रोपवाटिकेतली 'सिलेक्शन नंबर वन' ही हरळीचीच बुटकी जात बारीक पानांची आणि देखणी असते, पण गावठी हरळीइतके हाल सोसत नाही. कोरियन गवताला कापणी कमी लागते, पण सांधा भरायला ते हरळीच्या दुप्पट-तिप्पट वेळ घेते आणि पुढे त्याचे उंचवटे होतात. अर्धसावलीत रुंद पानांचे कार्पेट गवत, ज्याला माळी बफेलोही म्हणतात, ते चालते. त्याला पाणी मात्र नियमित हवे. दाट आंब्याखाली किंवा दोन इमारतींमधल्या बोळात कोणतेच गवत तगत नाही. तिथे सांध्यात सरळ सहा एमएमची खडी भरावी. पाणी जिरेल, एवढे पुरे.

हाच नियम एकाच जागी दिवसरात्र झाकून ठेवलेल्या गाडीखालीही लागू आहे. रात्री येऊन सकाळी जाणाऱ्या गाड्यांच्या जागी गवत छान राहते. महिनोन्महिने न हलणाऱ्या गाडीखाली ते उन्हाअभावी मरते, आणि इंजिनातून तेल गळत असेल तर ती माती काढूनच टाकावी लागते.

बी पेरू नये. हरळीचे बी बारीक असते, पहिल्या सरीत वाहून जाते आणि उरलेले मुंग्या नेतात. तीन-चार इंचांचे, तीन पेरे असलेले ताजे तुकडे घ्यावेत, दोन पेरे मातीत आणि एक वर राहील असे चार-चार इंचांवर टोकावेत. दोन इंची सांध्यात दोन ओळी आडव्या-तिडव्या. हजार चौरस फुटांना पाच हजारांच्या आसपास तुकडे लागतात. पोत्यात भरून दोन दिवस ठेवलेली हरळी तापून पिवळी होते, म्हणून काढली त्याच दिवशी लावावी. देशावर पहिला वापसा आल्यावर, म्हणजे पावसानंतर माती कामाजोगी ओलसर झाल्यावर, जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात लावणी सर्वोत्तम. कोकणात आणि घाटमाथ्यावर तेव्हा लावले तर पावसाचा मारा सांध्यातली मातीच उचलून नेतो. तिथे मेच्या मध्याला लावून झारीने पाणी देत मुळे धरू द्यावीत, किंवा ऑगस्टच्या शेवटी जोर ओसरल्यावर लावावे. ऑक्टोबरनंतर लावणी नकोच. रात्री थंड होऊ लागल्या की हरळी वाढणे थांबवते. लावल्यापासून सहा ते आठ आठवडे गाडी आणू नये. सोसायटीला हे जमत नसेल तर आवाराचे दोन भाग करून दोन टप्प्यांत काम करावे.

खताबाबत एक हिशेब नेहमी चुकतो. हजार चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर, पण त्यातले सांधे फक्त 14 चौरस मीटर. दर चौरस मीटरला 10 ग्रॅम युरिया धरला तर 140 ग्रॅम लागतो. माळी सगळ्या आवाराचे माप धरून जवळजवळ किलोभर युरिया फेकतो, मग दगडावरचा झाडूने सांध्यात लोटतो, आणि आठवड्यात गवत जळते. जुलैच्या सुरुवातीला एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा, ओल्या मातीवर, वरून पाणी देऊन, एवढे बास. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर नत्र नसून लोह कमी पडते आहे. सिमेंट सांडलेल्या किंवा चुनखडीच्या जमिनीत असे होते. हिराकस (फेरस सल्फेट) पाण्यात विरघळवून देता येते, पण दगडावर थेंब पडला तर तांबडा डाग पडतो आणि तो निघत नाही, म्हणून झारीची चाळणी काढून फक्त सांध्यात ओतावे.

पाण्याचा मुद्दा सभेत सर्वांत आधी येतो. उन्हाळ्यात दिवसाला 5 मि.मी. धरले तर हजार चौरस फुटांच्या पूर्ण हिरवळीला रोज साडेचारशे लिटरहून अधिक पाणी लागेल. सांध्यांना त्याच हिशेबाने 70 लिटर. दगडाखालची ओल लवकर उडत नाही, त्यामुळे मुळे खाली गेल्यावर दिवसाआड दिले तरी भागते. टंचाईत अजिबात नाही दिले तर हरळी वाळून तपकिरी होते आणि वळवाच्या सरींनी पुन्हा फुटते. तेव्हा ती मेली असे समजून उकरून टाकण्याची घाई करू नये. उलट बाजूचा हिशेबही मांडला पाहिजे: 25 मि.मी.ची एक सर हजार चौरस फुटांवर सुमारे 2,300 लिटर पाणी ओतते. सिमेंटच्या आवारातून ते सगळे फाटकाबाहेरच्या रस्त्यावर जाते.

तणांत गाजर गवत सोपे; फुलण्याआधी, हातमोजे घालून उपटावे. लव्हाळा अवघड. तो बहुतेक वेळा खतातून किंवा मातीतून येतो, आणि उपटला की गाठींची माळ तुटून प्रत्येक गाठीला नवा कोंब येतो. म्हणून माती घेतानाच चाळून गाठी पाहाव्यात. आलाच तर अरुंद खुरप्याने सहा इंच खोल जाऊन गाठीसकट काढावा आणि दर पंधरा दिवसांनी तिथे पुन्हा पाहावे. ग्लायफोसेट हे तणनाशक मारले तर हरळीही जाते. शिवाय 2022च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याची फवारणी पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरती मर्यादित केली आहे. मीठ, जळके तेल आणि ॲसिड हे वॉचमनच्या सल्ल्याचे तीन उपाय तिन्ही वाईट. शहाबादी, तांदूर आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत; ॲसिडने त्यांचा पृष्ठभाग फसफसून खाल्ला जातो आणि खडबडीत होतो. गणपतीत दूर्वा खुडायला सगळी इमारत याच सांध्यांवर वाकते, एवढे लक्षात ठेवले तरी फवारणीचा मोह आवरेल.

कापणी पावसाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने. नायलॉन दोरीचा ब्रश कटर सोयीचा, पण तो सांध्यातले खडे उडवतो. डोळ्यांना गॉगल लावावा आणि गाड्या हलवून घ्याव्यात. कापलेले गवत सांध्यात साचू देऊ नये. फुलांच्या वाफ्याकडे हरळी जाऊ नये म्हणून मध्ये शहाबादीची उभी पट्टी फूटभर खोल गाडावी. मुंबईत घुशी दगडाखालची बैठक पोखरतात. एखादा दगड अचानक डुगडुगू लागला तर लगेच उचलून पाहावे.

काही जागा मुळात या कामाच्या नाहीत. इमारतीच्या भिंतीलगतचा तीन फुटांचा पट्टा सिमेंटबंदच ठेवावा, नाहीतर पाणी पायाशी जिरते. भूमिगत टाकी, सेप्टिक टँक आणि तळघराचा स्लॅब यांच्यावर मुळे वॉटरप्रूफिंगला त्रास देतात. अग्निशमन गाडीचा मंजूर नकाशातला मार्ग तसाच सोडावा. फाटकापासून लिफ्टपर्यंत चार फूट रुंदीची सलग, बंद सांध्यांची वाट हवी. व्हीलचेअर आणि वॉकर गवताच्या सांध्यावर अडकतात. याउलट झाडांच्या बुंध्याभोवती मीटरभर जागेत दगडसुद्धा नको. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतील यंत्रणांना झाडांभोवतीचे एवढे काँक्रीट काढायला सांगितले होते. आपल्याकडे आजही ठेकेदार खोडाला चिकटवून ब्लॉक बसवतो.

पीसीसी आधीच घातलेले असेल तर सगळे फोडायची गरज नसते. जिथे सांधे एकमेकांना छेदतात, तिथे दीड-दोन फुटांवर कोअर कटिंग यंत्राने तीन इंची भोके आरपार पाडावीत, ती बारीक खडी आणि वरचेच मिश्रण यांनी भरावीत, आणि सांध्यातला सिमेंट मसाला ग्राइंडरने कापून काढावा. नव्याने केलेल्या कामाइतके ते टिकत नाही, पण मुळांना वाट मिळते आणि पाणी तुंबत नाही. भोक पाडण्याआधी त्या जागेवरून पाण्याचा, ड्रेनेजचा आणि विजेचा मार्ग कुठून गेला आहे हे पाहून खडूने खुणा कराव्यात.

नव्या कामाची निविदा काढणाऱ्या समित्यांनी 'सांध्यात लॉन' असा मोघम शब्द न लिहिता चार गोष्टी लेखी घ्याव्यात: फरशीखाली पीसीसी आणि सिमेंट मसाला नाही; बैठकीत डस्ट नाही; सांध्यातली माती पृष्ठभागाखाली अर्धा इंच; आणि फरशीच्या कामाचे शेवटचे दहा टक्के बिल पहिल्या पावसाळ्यानंतर, सप्टेंबरअखेर. फरशी बसण्याआधी उघड्या खडीच्या थरावर दोन बादल्या पाणी ओतून ते सर्वांसमक्ष जिरताना पाहावे. मिनिटभरात नाहीसे झाले नाही, तर काम तिथेच थांबवावे.

आपला,
फरसबंदी व बागकाम क्षेत्रातील एक वाचक, पुणे